वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं : समाजमंदिराची किल्ली कुणाकडे?

मागच्या अंकात आमच्या रविवारच्या वर्गाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तुमच्या प्रश्नांचा पूरच आला (नदीकाठच्या बाईने हा शब्द जपून वापरावा खरं तर, पण असो). ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठावरचं आमचं गाव, २०१९ च्या ऑगस्टमध्ये अर्धं पाण्यात गेलेलं, समाजमंदिर उंचावर म्हणून आम्ही सगळे तिथे, आणि आठ दिवस पोरांना काही म्हणजे काही उद्योग नाही. मग कुणीतरी त्यांना मदतीच्या किटांची मोजदाद करायला बसवलं, कुठल्या घराला किती माणसं, कुणाला मिळालं, कुणाला राहिलं. आमच्यापेक्षा बरं केलं त्यांनी. पूर ओसरला, शाळा सुरू झाली, तरी रविवार आला की पोरं परत समाजमंदिराच्या पायरीवर येऊन बसायला लागली, तेव्हापासून दर रविवारी ४ ते ६ आमचा वर्ग, शाळेच्या पुस्तकात नसलेलं, रोजच्या जगण्यात लागणारं शिकायचा. बोर्ड नाही, संस्था नाही, ड्रेस नाही. आता प्रश्नांकडे वळू, सगळ्यांना जागा नाही, त्यामुळे राग मानू नका.

ताई नमस्कार, मी एसटीत कंडक्टर होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. गावात मंडळाची खोली वर्षातले अकरा महिने बंद असते आणि पोरं कट्ट्यावर मोबाईलमध्ये मान घालून. वर्ग काढायचं मनात आहे, पण शिकवायचं काय? तुमचा अभ्यासक्रम असेल तर पाठवाल का? – एक वाचक, कराड तालुका

काका, अभ्यासक्रम असता तर नक्की पाठवला असता. पहिल्या वर्षी होता हो, छान वही केलेली मी, एका पानावर वेळेचं नियोजन, पुढच्या पानावर आत्मविश्वास, त्याच्या पुढे ध्येय कसं ठरवावं. तिसऱ्या रविवारी ३१ पोरांतली ९ उरली. त्यातली दोन माझ्या नात्यातली, म्हणजे ती धरायचीच नाहीत.

मग वही ठेवली बाजूला आणि म्हटलं पुढच्या रविवारी ४० जणांचे पोहे करायचे, हे ५०० रुपये, तुमचं तुम्ही बघा. दोन दिवस नुसती भांडणं. किलोभर पोह्यांत किती जण खातात इथपासून सुरुवात, एकीने आईला विचारलं, एकाने चहाच्या गाड्यावर जाऊन विचारलं, ३ किलो पोहे, २ किलो कांदे, शेंगदाणे, तेल अशी यादी झाली. आणायला आठवीतलं एक पोरगं गेलं. दुकानदाराने विचारलं, जाडे का पातळ? त्याला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली, दिलं ठोकून 'पातळ'. चिवड्याचे पोहे हो ते! पातेल्यात भिजवले आणि दोन मिनिटांत पोस्टर चिकटवायची खळ तयार. कुणी हसलं, कुणी त्या पोराला वाट्टेल ते बोललं, ते रडकुंडीला आलं. शेवटी एका पोरीने त्यात बेसन, मिरची, कांदा घालून वडे थापले, तेल दुप्पट लागलं आणि हिशोब गेला ६४० वर. वरचे १४० कुणी द्यायचे यावर दीड तास चर्चा झाली. मी मुद्दाम बाहेर जाऊन बसले, आत गेले असते तर खिशातून काढून दिले असते, माझा स्वभाव मला माहीत आहे. त्यांनी घरोघरची रद्दी गोळा करून १४० उभे केले. आणि ते पोरगं, आता कॉलेजात आहे, अजून कुठल्याही दुकानात दहा प्रश्न विचारल्याशिवाय रुपया देत नाही.

त्यामुळे काका, अभ्यासक्रम गावातच पडलेला असतो. आमच्याकडे डिसेंबरमध्ये एक महिना फक्त दाखल्यांचा. दहावी-बारावीचा निकाल लागला की जूनमध्ये सगळा तालुका सेतूच्या, म्हणजे सरकारी दाखल्यांच्या केंद्राच्या, दारात, सर्व्हर डाऊन, आणि आईबाप शेतातली कामं टाकून रांगेत. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता वेगळी हे निम्म्या घरांना माहीत नसतं, दाखला प्रांतांकडून मिळतो पण वैधतेला जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जावं लागतं आणि तिथे आजोबा-पणजोबांच्या वेळचे शाळेचे पुरावे काढून द्यावे लागतात, ते काय एका आठवड्यात होतंय होय. मग पोरं डिसेंबरमध्येच आपापल्या घरातली कागदं शोधतात, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेयर, कुठल्या कोर्सला काय लागतं याचा तक्ता त्यांनीच करून भिंतीला लावलाय. नववीतल्या एका मुलीच्या लक्षात आलं की तिच्या आधारवर आडनाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. वेळेत कळलं म्हणून निस्तरलं. बँकेत पैसे भरायची स्लिप पण अशीच, आकड्यात सगळे लिहितात, 'अक्षरी' म्हटलं की पेन थांबतं.

आणि मे महिन्यात पूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आमच्या पोरांना हे पाढ्यासारखं पाठ आहे. कोयना धरण १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं), त्यातून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) सोडलं याचा मेसेज आला की मोठी माणसं नुसती फॉरवर्ड करतात, पोरं वहीत लिहितात, शेजारी पुलाची पातळी लिहितात आणि दोन-चार दिवसांची तुलना करून बघतात. कुठल्या गल्लीत पहिलं पाणी येतं, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कुणाच्या गोठ्यात किती जनावरं आणि दावी कुणी सोडायची, कागदपत्रं प्लास्टिकच्या डब्यात कुठे ठेवलीत, हे सगळं त्यांच्याकडे लिहिलेलं आहे. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा ग्रामपंचायतीने आमच्या पोरांची वही मागून नेली. परत द्यायला महिना लावला ते सोडा.

तुम्ही तर कंडक्टर! तिकिटांचा ट्रे, सुट्ट्या पैशांची भांडणं, रात्री डेपोत वे-बिलाशी कॅश जुळवणं, दारू पिऊन चढलेल्या माणसाला न भांडता खाली उतरवणं, हे तुम्ही तीस वर्षं केलंत ना? हाच की अभ्यासक्रम. पहिल्या रविवारी जुना पंच घेऊन जा खिशात, नुसता टिकटिक वाजवा, बघा कशी गोळा होतात.

एक मात्र ऐका. दोन-तीन महिने झाले की खोलीची किल्ली स्वतःकडे ठेवू नका, पोरांकडे द्या, जोडी-जोडीने पाळी लावून. पहिल्यांदा उशीर होईल, एकदा हरवेल पण, आमची हरवली होती, कुलूप तोडायला लागलं. पण ज्याच्याकडे किल्ली असते ते पोरगं रविवारी पावणेचारला हजर असतं, आणि त्याला आणायला त्याचे चार दोस्त असतात.

आमच्या वेळी असले वर्ग-बिर्ग काही नव्हते, तरी आम्ही घडलोच ना? हे 'जीवनकौशल्य' प्रकरण परदेशी पैशावरच्या एनजीओंनी आणलेलं खूळ आहे असं माझं स्पष्ट मत आहे. – निवृत्त मुख्याध्यापक, कोल्हापूर

सर, मत मांडलंत ते बरं केलंत. पण तुमच्या कोल्हापुरात बसून असं म्हणायचं म्हणजे कमाल आहे. पेठेपेठेतल्या तालमी काय होत्या मग? नुसती कुस्ती नव्हती तिथे, पाटाकडील, दिलबहार ह्या तालीम मंडळांच्या फुटबॉल टीमा आजही शाहू स्टेडियमला खेळतात आणि सगळी पेठ मागे उभी असते, तो काही कुठल्या सरकारने काढलेला क्लब नाही. राष्ट्र सेवा दल १९४१ चं, त्याच्या शाखा, शिबिरं, कलापथकं, तुमच्या पिढीतले कितीतरी लोक त्यातूनच स्टेजवर बोलायला शिकले. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी १९६२ पासून. नेहरू युवा केंद्रं १९७२ ची, गावातल्या युवक मंडळाला व्हॉलीबॉल आणि नेट कुठून यायचं आठवतंय का? नाव फक्त नवीन आहे.

आणि अलीकडचं म्हणाल तर तेही आपल्याच माणसांनी उभं केलेलं आहे. नागपुरात २००१ मध्ये क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च'ने २००६ पासून तरुणांसाठी 'निर्माण'ची शिबिरं घेतली, आता यात परदेशी काय शोधायचं?

मला तुमच्या 'आम्ही घडलोच ना' मध्ये एकच खटकतं सर. त्या तालमीत पोरी कुठे होत्या? जी घडली ती बोलतात. जी नाही घडली ती पत्र लिहीत नाहीत. पुढचं पत्र बघा.

ताई, मी २० वर्षांची आहे, टीवाय बीए. आम्ही तिघी मैत्रिणी मिळून वाडीतल्या मुलांसाठी शनिवारी संध्याकाळी खेळ आणि गप्पांचा वर्ग घेतो. पाचवी-सहावीच्या मुली खूप येतात पण सातवी झाली की एकेक गायब होते. घरी विचारायला गेलं तर 'आता मोठी झाली' म्हणतात. मुलगे मात्र येतात. आमचं काय चुकतंय? – एक मैत्रीण, खेड, जिल्हा रत्नागिरी

तुझं काही चुकत नाहीये गं. पण पहिलं सांग, संध्याकाळी म्हणजे किती वाजता? वाडीत दिवे किती आहेत रस्त्याला? मुलगी परत जाताना कुणाबरोबर जाते? आमच्याकडे पण सातवीनंतरच्या मुली गळायला लागल्या तेव्हा आम्ही आईबापांच्या मानसिकतेवर मोठमोठी भाषणं केली, आणि नंतर एका आईने सहज सांगितलं, 'बाई, तुमच्या समाजमंदिराच्या संडासाला कडी नाही.' बस. एवढंच. पन्नास रुपयांची कडी, आम्ही सहा महिने कुणी बघितलीच नव्हती, कारण मी स्वतः घरी जाऊन यायचे.

तर वेळ अंधाराच्या आत आण, थंडीत तर साडेपाचला आटपायचंच. कडी, पाणी, आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा. परत जाताना वाडीप्रमाणे गट. एवढं केलंस तरी निम्म्या परत येतील.

उरलेल्या निम्म्यांसाठी घरी जावं लागेल, पण 'तुमच्या मुलीला का पाठवत नाही' हे विचारायला नको जाऊस, त्याने दार बंद होतं. आमच्यातली एक जण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरोघर गेली, मुलींनी पुराच्या वेळी लिहिलेली वही बरोबर नेली, आणि आयांना नुसती दाखवली. ही तुमच्या पोरीने लिहिलीय. एक आई लिहिता-वाचता न येणारी, तिने त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि म्हणाली, पाठवते. सासू नको म्हणत होती तरी.

सायकल पण चालते. वाडीत दोन जुन्या सायकली मिळतात का बघ. मुलगी सायकल शिकली की दळण, दवाखाना, दूध अशी घरची दहा कामं होतात, मग घरच्यांना वर्गाचा उपयोग दिसतो, त्याला मी काही कमी लेखत नाही. माणसं उपयोग बघूनच पाठवतात, आपण पण कॉलेज निवडताना तेच केलं ना?

आणि सातवी-आठवी म्हणजे पाळी सुरू व्हायचं वय, त्याबद्दल वर्गात बोलायलाच हवं, फक्त तू एकटीने नको. गडचिरोलीच्या 'सर्च'चं 'तारुण्यभान' शिबिर वर्षानुवर्षं या विषयावर काम करतंय, त्याची माहिती मिळव. नाहीतर तुमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंना बोलव, आशाताईंना बोलव, त्या बोलतात मोकळेपणाने. मुलग्यांना बाहेर खेळायला पाठवून गुपचूप असं मात्र नको करूस. त्यांचाही वेगळा तास घ्या त्याच वेळी. आमच्या मुलग्यांनी पहिल्या दिवशी खिदळून घेतलं आणि तिसऱ्या रविवारी चिठ्ठीत जे प्रश्न लिहून दिले ते वाचून मला रात्री झोप नाही लागली. कुणीच कधी सांगितलेलं नसतं गं त्यांना.

आमच्या सोसायटीत मे महिन्यात क्लब हाऊसमध्ये मुलांसाठी स्वयंपाक, प्रथमोपचार, बजेट वगैरेची वर्कशॉप घेतो. या वर्षी वॉचमनची दोन मुलं येऊन बसली. काही पालकांनी आक्षेप घेतला की मेंटेनन्स आपण भरतो. मी कमिटीवर आहे, मधल्यामध्ये अडकलेय. काय करावं? – सिंहगड रोड, पुणे

बसू द्या.

एवढंच उत्तर देणार होते, पण तुम्ही खरंच अडकलेल्या दिसताय म्हणून थोडं पुढे. जे पालक मेंटेनन्सचं बोलतात त्यांना हिशोबानेच उत्तर द्या, दोन मुलांनी किती कणीक आणि किती बँडेज जास्त लागलं ते काढा आणि तेवढे पैसे तुम्ही भरा, बघा पुढच्या मीटिंगला तो विषय परत निघतो का. आणि त्या मुलांना 'पाहुणे' म्हणून कोपऱ्यात बसवू नका, काम द्या. मला तर वाटतं बजेटच्या वर्कशॉपला त्यांच्या आईला बोलवा शिकवायला. दहा-बारा हजारांत पुण्यात महिना काढून गावी पैसे पाठवणारी बाई तुमच्या बिल्डिंगमध्ये राहते आणि तुम्ही बाहेरून स्पीकर शोधताय. तिला मानधन द्या मात्र, बाहेरच्याला दिलं असतं तेवढंच, फुकटात नको.

प्रथमोपचार घेताय ते छान. छाती दाबायचं, म्हणजे सीपीआर, उशीवर करून घ्या मुलांकडून, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं असतं, करून बघितल्याशिवाय किती दमायला होतं ते कळत नाही. आणि १०८ ला फोन केल्यावर पत्ता कसा सांगायचा याची पण प्रॅक्टिस घ्या. आमच्याकडे दहावीतला हुशार मुलगा म्हणाला, 'आमच्या घरी या लवकर.' कुठल्या घरी बाबा?

आमच्या वर्गाला एका स्थानिक नेत्यांनी पंखे आणि कॅरम बोर्ड द्यायची तयारी दाखवलीय पण हॉलवर त्यांचा फ्लेक्स लावायचा म्हणतात. शिवाय काही जण म्हणतात की आधी संस्था रजिस्टर करा नाहीतर अडचणीत याल. आणि मुलांकडून फी घ्यावी का? – युवक मंडळ, जत तालुका

पंख्याचं मी अनुभवाने सांगते. आमच्या समाजमंदिरात तीन पंखे आले, सौजन्य म्हणून प्रत्येक पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव रंगवलेलं, म्हणजे एकूण नऊ वेळा. फिरताना दिसत नाही ते एक बरं. पण निवडणूक लागली आणि आचारसंहितेत नावं झाकायला माणसं आली, पात्यांना पेपर चिकटवला, कुणीतरी चुकून बटण दाबलं आणि सगळ्या वर्गावर पेपरचे तुकडे! तेव्हापासून आमचा नियम, वस्तू घेऊ, पावती देऊ, वहीत नाव लिहू, आभाराचं पत्र पोरं लिहितील, भिंतीवर कुणाचंच नाव नाही, आमचंही नाही. हे तुम्ही पंखे घ्यायच्या आधी सांगा, नंतर सांगणं अवघड जातं. नाही दिले तर नाही दिले, गरम होतं, पोरं येतातच.

रजिस्ट्रेशनची घाई नको. संस्था नोंदणीला १८६० च्या कायद्याखाली किमान सात माणसं लागतात, शिवाय महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद, मग दरवर्षी ऑडिट, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज. हे सगळं करणारा एक माणूस चिकाटीने पाच वर्षं मिळणार असेल तर जरूर करा, नाहीतर वर्ग राहील बाजूला आणि अध्यक्ष कोण यावर भांडणं. मात्र लोकांकडून जाहीर देणग्या गोळा करणार असाल तर नोंदणी नसलेल्या मंडळालाही धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळं काढतात तीच. ती न काढता पावतीपुस्तक छापू नका.

फीबद्दल पण विचारलंय तुम्ही. आम्ही एकदा महिना १० रुपये लावले होते. दोन पोरं यायची बंद झाली आणि कारण कुणी सांगेना, मग आम्हीच ओळखलं. बंद केली. आता प्रत्येकाची झाडायची पाळी आहे, तीच फी. जमाखर्च पोरंच लिहितात आणि दर महिन्याला दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतात, २२ रुपयांचा खडू सुद्धा.

नाव छापू नका. आमच्या भागातल्या वर्गात शिकवणारे एक दादा आहेत, सगळ्यांचे लाडके. पण माझ्या १४ वर्षांच्या भाचीला ते रात्री मेसेज करतात, आधी अभ्यासाचे होते, आता 'तू खास आहेस', 'फोटो पाठव' असे. मोठ्यांना सांगितलं तर म्हणाले त्यांना समज देतो, बाहेर वाच्यता नको, चांगलं काम बंद पडेल.

हे बघा, हे 'समज देण्याचं' प्रकरण नाही. भाचीला पहिलं सांगा की तिचं काही चुकलेलं नाही, आणि मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, लैंगिक हेतूने असं मागे लागणं त्यात बसतं, आणि माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच त्यात वेगळा गुन्हा आहे, म्हणजे 'वाच्यता नको' म्हणणारे स्वतःच अडचणीत आहेत, हे त्यांना स्पष्ट सांगा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालू असते, आजच फोन करा. तिथून पुढचा रस्ता सांगतात. त्या दादाला त्याआधी जाब विचारायला जाऊ नका, पुरावा जातो. भाची रात्री झोपत नसेल, बोलत नसेल तर १४४१६ वर टेली-मानसला समुपदेशक मिळतात.

वर्ग चालवणाऱ्या बाकी सगळ्यांसाठी पण, कारण अशी अजून दोन पत्रं आहेत. आमच्याकडे एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत कधीच नसतं, दार उघडं असतं, मुलांना खासगी मेसेज नाहीत, जे काय ते ग्रुपवर आणि ग्रुपमध्ये पालक. मलाही तोच नियम. एका कार्यकर्त्याला हा नियम अपमानाचा वाटला, तो सोडून गेला, आम्ही त्याला थांबवलं नाही. चांगलं काम बंद पडेल म्हणून गप्प बसायचं असेल तर ते काम कशाला हवं आहे कुणाला.

मुलगी अकरा वर्षांची. एका खासगी क्लासची जाहिरात आलीय, 'डब्ल्यूएचओने सांगितलेली १० जीवनकौशल्ये ८ आठवड्यांत', फी ९ हजार. घालावं का? – डोंबिवली

यादी खरी आहे, जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात काढलेली, निर्णय घेणं, प्रश्न सोडवणं, भावना सांभाळणं, दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं वगैरे दहा. आठ आठवड्यांचं काही त्यांनी सांगितलेलं नाही. पैसे असतील आणि मुलीला मैत्रिणी मिळणार असतील तर घाला बापडं, पण आधी विचारा की तिथे मुलं स्वतः काय करतात, का फक्त स्लाइड बघतात. नाहीतर त्यातले हजार रुपये मुलीच्या नावाने बँकेत टाका, दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतः खातं चालवायची परवानगी रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे, तिला बरोबर नेऊन फॉर्म तिलाच भरायला लावा. आणि बिल्डिंगमधल्या आजोबांना यूपीआय शिकवायचं काम तिला द्या, पैसे यायला पिन लागत नाही हे आधी तिला कळू दे, मग ती त्यांना समजावेल. फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर तिनेच त्यांच्या फ्रिजवर चिकटवावा.

मी १७ वर्षांचा, दहावी नापास, गणित आणि इंग्लिश राहिलं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो. तुमच्या गावापासून माझं गाव ६ किमी. तुमच्या वर्गाबद्दल ऐकलंय. नापास मुलाला घेता का? मला यायला लाज वाटते. – वाळवा तालुका

अरे घेतो का काय, आम्हाला तुझ्यासारखा कुणीतरी कधीपासून पाहिजे होता. शिकायला ये, पण शिकवायला पण ये. पुराचं पाणी घरात शिरून गेलं की लोक परत येऊन पहिलं मेन स्विच टाकतात, हे किती धोक्याचं आहे ते आमच्या पोरांना मला नीट सांगता येत नाही, मी मराठीची बाई. अर्थिंग म्हणजे काय, एमसीबी का पडतो, ओल्या बोर्डाचं काय करायचं, मोटरीच्या पेटीला हात लावायच्या आधी काय बघायचं, एक रविवार तुझा.

गणिताचं आणि इंग्लिशचं आपण बघू, जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, आमची एक बीएस्सीवाली आहे गणिताला. तू वायर किती टर्न घ्यायची ते मोजतोस ना रोज, तुला गणित येत नाही असं मी काही मानणार नाही. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतं, त्याचा तक्ता पण आहे भिंतीवर, ये आणि वाच.

रविवारी चारला ये. दाराचं कुलूप जरा अडतं, या आठवड्यात किल्ली नववीतल्या दोघींकडे आहे, त्या उघडतील. टेस्टर घेऊन ये बरोबर, तीनातला मधला पंखा दिवाळीपासून फिरत नाहीये आणि आता त्याच्यावरचं नाव सगळ्यांना वाचता येतं.